जुनाट कंबरदुखी कमी करताना मनाची मदत कशी घ्यावी

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. अशा दुखण्यात मूळ इजा भरून आली तरी मज्जारज्जू आणि मेंदू हळवे झालेले राहू शकतात, आणि मग साधे वाकणेसुद्धा त्यांना धोक्याचे वाटते. वेदना खरीच असते. तिला ‘मनाचे खेळ’ म्हणणे हा रुग्णावर अन्याय आहे. मात्र भीती, ताण आणि अपुरी झोप यांनी ती वाढते, म्हणून त्या बाजूनेही ती उतरवता येते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली जुनाट कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी व्यायाम, योग, सजगता-ध्यान (या क्षणी जे जाणवते त्याकडे शांतपणे लक्ष देणे) असे उपाय सुचवले.

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पायातली ताकद जाणे, यांपैकी काहीही झाल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. ताप, विनाकारण घटणारे वजन किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल तर आधी तपासणी करून घ्यावी. चालू औषधे स्वतःहून बंद करू नयेत.

सुरुवात श्वासाने करावी. गुडघ्यांखाली उशी घेऊन उताणे झोपावे, एक हात पोटावर ठेवावा, चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. पाच मिनिटे पुरेत. गरगरल्यास नेहमीसारखा श्वास घ्यावा.

त्यानंतर शरीरावरून लक्ष फिरवावे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या सजगता-ध्यान कार्यक्रमाचा हा गाभा आहे, आणि इगतपुरीला विपश्यना शिबिर केलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. डाव्या पायाच्या बोटांपासून सावकाश वर येत जावे. कंबरेपाशी पोहोचल्यावर नुसते ‘दुखते आहे’ असे न म्हणता ते नीट पाहावे: ठणका आहे, कळ आहे, जळजळ आहे की स्नायू आखडला आहे? त्याची कड कुठे संपते? श्वास सोडताना तो थोडा सैलावतो का? वेदना असह्य वाटली तर लक्ष तळपायांवर न्यावे आणि तिथेच विसावावे. दुखणे घालवण्याच्या ईर्ष्येने बसू नये, कारण त्या झटापटीत अंग पुन्हा ताठते.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग हालचालीच्या मोजमापाचा आहे. बरे वाटले की साठलेली सगळी कामे उरकायची आणि मग दोन दिवस अंथरूण धरायचे, हे चक्र मोडल्याशिवाय ध्यानाचाही पुरेसा उपयोग होत नाही. ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटताना साधारण वीस मिनिटांनी कंबर भरून येत असेल, तर पंधराव्या मिनिटाला, दुखत नसले तरी, बसावे. वेळ घड्याळाने ठरवावी, वेदनेने नव्हे. त्रासाच्या दिवशीही शक्य तितके तेच प्रमाण राखावे आणि दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवावीत.

वहीत दुखण्याचे आकडे लिहिण्यापेक्षा काय करता आले ते लिहावे: जिना चढलो, बाजारातून भाजी आणली, रात्री सलग झोप लागली. दोन महिन्यांनंतरही फरक नसेल तर वेदनातज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांना ती वही दाखवावी. दुखण्याला कंटाळून जगणे नकोसे वाटू लागले तर शासनाच्या टेली-मानस या मोफत सेवेला १४४१६ वर कोणत्याही वेळी फोन करावा.