वरचे सुट्टे पैसे आपोआप बाजूला

खडेबाजारात यूपीआयने ४७ रुपये दिले की ५० पर्यंतचे वरचे ३ रुपये आपोआप बाजूला टाकणारी अ‍ॅप्स आता आली आहेत. सोय झकास, पण पैसे जातात कुठे ते आधी बघा. काही अ‍ॅप्स त्या पैशांचं डिजिटल सोनं (ऑनलाइन घ्यायचं, हातात न येणारं सोनं) घेतात: वर ३ टक्के जीएसटी, शिवाय खरेदी-विक्रीच्या भावातला फरक, आणि त्यावर सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, देखरेख नाही. चिल्लरीसाठी एवढं कशाला? त्यापेक्षा पोस्टातली आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) बरी. महिना १०० रुपयांपासून, मुदत ५ वर्षं. तरी अ‍ॅपच हवं असेल, तर ऑटोपे (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) मंजूर करताना कमाल रक्कम वाचा. आणि बंद करायचं झालं तर नुसतं अ‍ॅप काढून भागत नाही, यूपीआयच्या ऑटोपे यादीत जाऊन परवानगी रद्द करावी लागते.