'यूज्ड टू'ची दोन कामे

पूर्वी नेहमी घडणारी, पण आता बंद झालेली गोष्ट इंग्रजीत सांगायची असेल, तर कर्त्यानंतर थेट 'यूज्ड टू' आणि पुढे क्रियापदाचे मूळ रूप घ्यावे. 'ट्राम्स यूज्ड टू रन इन मुंबई' हे वाक्य १९६४ साली मुंबईतली ट्राम बंद झाली म्हणूनच बरोबर ठरते. लोकल आजही धावते, तेव्हा तिच्याबद्दल ही रचना चालणार नाही. आपल्याकडची सर्रास होणारी चूक नेमकी हीच आहे: रोज दादरहून चर्चगेटला जाणारा माणूस 'आय यूज्ड टू गो बाय ट्रेन' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, याने नोकरी सोडली असावी. चालू सवयीसाठी साधा वर्तमानकाळ, म्हणजे 'आय युज्वली गो बाय ट्रेन', पुरेसा आहे. मराठीत 'जात असे' शोभत असेल तरच 'यूज्ड टू' वापरावे.

एखादी गोष्ट अंगवळणी पडली आहे असे सांगताना मात्र आधी 'ॲम', 'इज', 'आर' किंवा 'वॉज' हवे आणि नंतर नाम किंवा 'इंग' लागलेले रूप हवे: 'आय ॲम यूज्ड टू द क्राउड', 'शी इज यूज्ड टू स्टँडिंग'. सवय अजून व्हायची असेल, तर 'गेट' वापरावे: 'यू विल गेट यूज्ड टू इट'. नकारार्थी 'डिडन्ट यूज टू' लिहिताना शेवटचा 'डी' गाळावा. उच्चारात हा फरक जवळजवळ ऐकूच येत नाही.