स्टेनलेस पत्र्यात निबलर अडकत असेल तर

निपाणीकडच्या एका गुऱ्हाळासाठी १.५ मिमी स्टेनलेस पत्रा कापताना, बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या वर्कशॉपमधला १.६ मिमी क्षमतेचा निबलर (पत्र्याचे बारीक तुकडे तोडत कापणारे मशीन) सारखा अडकत असे आणि कडेला जाड बर (कापल्यावर उरणारी खरबरीत धार) येत असे. नवा पंच (वर-खाली होऊन पत्रा तोडणारा भाग) बसवूनही फरक पडेना, तेव्हा फार वैताग आला. मशीनवरची क्षमता साध्या पोलादासाठी असते. स्टेनलेस अधिक चिवट असल्याने हेच मशीन त्यात १.२ मिमीपर्यंतच चालते. म्हणून अधिक क्षमतेचे मशीन घेतले, कापायच्या रेषेवर तेल लावले, पत्र्याला टेकवण्यापूर्वीच मशीन सुरू केले आणि ते पत्र्याला काटकोनात धरून जोर न देता पुढे नेले. मधला भाग कापायचा असल्यास आधी डाय (पंच ज्यात शिरतो तो खालचा भाग) आत जाईल एवढे भोक पाडावे. चंद्रकोरीसारखे धारदार तुकडे बुटाच्या तळव्यातही रुततात, ते लगेच झाडावेत.