वेबसाइट बनवायची आहे? आधी डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, होस्टिंगचं नंतर बघू

दिवाळीच्या तोंडावर आत्याचा फोन आला. गुहागरला तिचा होमस्टे आहे, चार खोल्या आणि मागे नारळी-पोफळीची वाडी. म्हणाली अरे वेबसाइट उघडतच नाहीये, पुण्याच्या एका फॅमिलीने फोन करून सांगितलं. मी उघडून बघितलं तर तिथे कुठल्यातरी जाहिरातींचं पान. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत दोन-तीन महिन्यांपूर्वीच संपली होती, रिन्यू करा म्हणून ईमेल आले असणारच पण ते सगळे ज्या मुलाने साइट बनवून दिली त्याच्या ईमेलवर, आणि तो मुलगा एव्हाना नोकरी लागून दुसऱ्या शहरात गेलेला, नंबरही बदललेला. डोमेन घेतलं होतं त्याच्याच नावावर. आत्याने पैसे दरवर्षी दिले होते पण कागदोपत्री त्या नावावर तिचा काही हक्कच नव्हता. शेवटी नवीन नाव घ्यावं लागलं, रस्त्यावरचा बोर्ड, व्हिजिटिंग कार्ड, सगळं परत छापलं, आणि ऐन सीझनला लोक जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या हाताने परत येत होते.

म्हणून कोणी मला विचारलं की होस्टिंग कुठलं घेऊ तर मी आधी डोमेनचंच बोलतो. डोमेन म्हणजे पत्ता, तो तुमच्या मालकीचा हवा. होस्टिंग म्हणजे साइटच्या फाइली ठेवायची भाड्याची खोली, आज इथे उद्या तिथे. पत्ता हातात असेल तर बिऱ्हाड कुठेही हलवता येतं.

तर डोमेन घेताना अकाउंट तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइल नंबरवर, मालकाच्या रकान्यात तुमचं नाव. साइट दुसरं कोणी बनवून देत असेल तरी हे काम त्याच्याकडे देऊ नका, शेजारी बसवून स्वतःच्या हाताने करा, पंधरा मिनिटांचं काम आहे. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, ऑटो रिन्यू चालू करा, पण नुसत्या ऑटो रिन्यूवर विसंबू नका कारण कार्डाची मुदत संपली की ते पेमेंट गुपचूप फेल होतं. सरळ तीन किंवा पाच वर्षांचं भरून टाका. डॉट कॉम किंवा डॉट इन, दोन्ही चांगले, साधारण हजार रुपयांच्या आसपास वर्षाला पडतं, वर जीएसटी. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं, मला स्वतःला ते फार आवडतं, पण फोनवर पत्ता सांगायचा किंवा घाईत टाइप करायचा तर अजून लोकांना सवय नाही, म्हणून घ्यायचं तर जोडीला घ्या आणि मुख्य साइटकडे वळवून द्या. डॉट कॉमची मुदत संपली तर थोडे दिवस सवलतीचे मिळतात, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन पिरियड असतो ज्यात नाव सोडवायला बरेच जास्त पैसे पडतात, आणि तोही गेला की मग ते नाव कोणीही उचलू शकतं. आत्याचं तेच झालं.

आता साइट कशात बनवायची. इथे लोक स्पीड, डिझाइन, कुठली थीम भारी हे बघत बसतात, आणि खरा प्रश्न राहून जातो, की उद्या खोलीचा रेट बदलला तर तो साइटवर कोण बदलणार? नाव घेऊन सांगता आलं पाहिजे, वहिनी बदलणार, दुकानातला मुलगा बदलणार. त्या माणसाला जे झेपेल ते तुमचं टूल.

आत्याची नवीन साइट मी आधी स्टॅटिक बनवली होती, म्हणजे साध्या एचटीएमएल फाइली, मागे डेटाबेस नाही, लॉगिन नाही, हॅक होण्यासारखं जवळपास काही नाही. सहा पानं होती. क्लाउडफ्लेअर पेजेस नावाच्या होस्टिंग सेवेवर फोल्डर नुसता ओढून टाकला तरी साइट चालू होते, नेटलिफायवरही तसंच, आणि एवढ्या छोट्या साइटला दोन्हीकडे एक रुपया लागत नाही. गिटहब पेजेसही फुकट आहे, साइट १ जीबीच्या आत हवी आणि महिन्याला १०० जीबीपर्यंत ट्रॅफिक चालतं, पण त्यावर दुकान चालवायला परवानगी नाही, ते आपलं कामाचं किंवा प्रोजेक्टचं पान ठेवायला छान. तर साइट झाली, विजेसारखी उघडायची. पण नाताळात रेट वाढवायचे होते आणि मी तेव्हा प्रवासात, वहिनीला फाइल उघडून त्यातला आकडा बदल असं फोनवर सांगणं काही जमेना, आणि तिने का शिकावं ते? पाच दिवस जुनाच रेट दिसत राहिला आणि दोन बुकिंग त्या रेटने द्यावी लागली. त्यानंतर मी ती साइट वर्डप्रेसवर नेली, लॉगिन करून मजकूर बदलता येईल अशी साइट बनवायचं ते सॉफ्टवेअर. आता वहिनी मोबाइलवरून लॉगिन करते, आकडा बदलते, आंब्याच्या सीझनला फोटो टाकते, सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की आतला बराचसा मजकूरही मराठीत दिसतो, त्यामुळे तिला फारसं काही शिकवावं लागलं नाही.

म्हणजे वर्षातून एखाददा बदलणारी साइट असेल, वकील, डॉक्टर, क्लास, देवस्थानची माहिती, तर स्टॅटिक. वरचेवर बदलणारी असेल आणि बदलणारा माणूस टेक्निकल नसेल तर वर्डप्रेस. वर्डप्रेस २००३ पासून आहे, फुकट आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे कुठल्याही गावात ते येणारा कोणीतरी सापडतोच. फक्त एक गोंधळ होतो तो आधीच सांगतो, वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा आहे, खोली आणि सामान सगळं त्यांचं, फुकटच्या प्लॅनवर जाहिराती दिसतात. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळतं ते सॉफ्टवेअर, ते तुम्ही घेतलेल्या होस्टिंगवर टाकायचं. या लेखात मी वर्डप्रेस म्हणतोय ते दुसरं.

विक्स, शॉपिफाय वगैरे तयार साइट भाड्याने देणाऱ्या सेवांना मी नावं ठेवत नाही. घरी बसून मसाले, पापड विकणाऱ्या बाईला पहिल्या दिवसापासून ऑर्डर, पेमेंट, कुरिअर सगळं एका जागी हवं असेल तर शॉपिफायचं मासिक भाडं ती आनंदाने देईल आणि तिने ते द्यावं. फक्त माहीत असू द्या की विक्सवर बनवलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, सोडायचं ठरवलं तर नव्याने बांधावी लागते. फुकटच्या जागांचंही तेच. गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये फुकट छोटी वेबसाइट मिळायची, कितीतरी छोट्या दुकानदारांनी बनवली होती, मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोय बंद केली. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी ते दुसरीकडे वळवलं, बाकीच्यांचा छापलेला पत्ता गेला.

आता होस्टिंग. वर्डप्रेसच्या छोट्या साइटला शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हर कॉम्प्युटरवर अनेकांच्या साइट, पुरतं, पुरतंच. व्हीपीएस, म्हणजे स्वतःच सांभाळायचा वेगळा सर्व्हर, घ्या असं कोणी सांगितलं तर विचारा की त्याचे अपडेट, फायरवॉल, रात्री बंद पडलं तर उठून चालू कोण करणार. उत्तर नसेल तर नका घेऊ. शेअर्डमध्ये मी काय बघतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे रिन्यूअलचा रेट. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो पहिल्या वेळचा, तोही बहुतेक तीन-चार वर्षांचं एकदम भरलं तरचा, रिन्यू करताना दुप्पट-तिप्पट होतो. पेमेंटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचून मगच तुलना करा. अनलिमिटेड शब्दाकडे लक्ष देऊ नका, फाइलींच्या संख्येवर मर्यादा असतेच, तिला आयनोड लिमिट म्हणतात, सपोर्टला सरळ विचारा किती आहे.

दुसरं, सर्व्हर कुठे आहे. गेस्ट मुंबई-पुण्याचे आणि सर्व्हर अमेरिकेत असेल तर नुसतं जाऊन यायलाच २०० मिलिसेकंदाच्या वर जातात, आणि एक पान उघडायला अशा फेऱ्या एकापाठोपाठ तीन-चार लागतात, म्हणजे अजून काही दिसायच्या आत पाऊण-एक सेकंद गेला, त्यात गुहागरसारख्या ठिकाणी रेंजची बोंब. मुंबईतलं किंवा भारतातलं डेटा सेंटर निवडायचा पर्याय बऱ्याच कंपन्या साइन अपच्या वेळी देतात, तो ड्रॉपडाउन घाईत सोडू नका. आणि तुमचे गिऱ्हाईक दुबईत किंवा न्यू जर्सीत असतील तर मग त्यांच्या जवळचं बघा, हाच हिशोब.

एसएसएल, म्हणजे साइट आणि गिऱ्हाईक यांच्यातली माहिती सुरक्षित ठेवणारं कुलूप, त्यासाठी वेगळे पैसे मागत असतील तर पुढची कंपनी बघा. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं एसएसएल सर्टिफिकेट फुकट असतं, त्याची मुदत छोटी असते म्हणून ते आपोआप रिन्यू होण्याची सोय होस्टिंगमध्ये हवी. २०१८ च्या जुलैपासून क्रोम एसएसएल नसलेल्या साइटला नॉट सिक्युअर असं दाखवतं, गिऱ्हाईक ते बघूनच मागे फिरतं.

आणि सपोर्ट. पैसे भरायच्या आधी रात्री दहा वाजता चॅटवर एक खरा प्रश्न विचारून बघा, उदाहरणार्थ वर्डप्रेस ज्यावर चालतं त्या पीएचपीचं व्हर्जन मला स्वतःला बदलता येईल का, बॅकअप किती दिवसांचे ठेवता आणि परत टाकून द्यायचे पैसे घेता का. उत्तर कसं येतंय त्यावरून पुढची तीन वर्षं कशी जाणार ते कळतं.

मराठी साइटचं एक दुखणं मात्र कोणी सांगत नाही म्हणून ते नीट सांगतो. वर्डप्रेसमध्ये पानाला मराठी शीर्षक दिलं की पत्ताही मराठीत बनतो. दिसायला सुंदर, पण आत प्रत्येक देवनागरी अक्षराचे, काना-मात्रा-हलन्त धरून, नऊ-नऊ कॅरेक्टर होतात, आणि पत्त्याच्या रकान्याची मर्यादा २०० आहे. वहिनीने पान बनवलं, गुहागरमधील घरगुती मुक्काम. मोजा, दहा, सहा आणि सात मिळून तेवीस, गुणिले नऊ म्हणजे २०७, शब्दांमधल्या दोन रेघा धरून २०९. शेवटचा म कापला गेला आणि पत्त्यात उरलं घरगुती मुक्का! तीच लिंक कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकली की टक्क्याच्या चिन्हांची लांबच लांब रांग दिसते, लोकांना वाटतं काहीतरी फ्रॉड लिंक आहे, उघडतच नाहीत. म्हणून शीर्षक मराठीतच ठेवा पण पानाचा पत्ता हाताने बदलून रोमन लिपीत छोटा करा, आणि हे पान पब्लिश करायच्या आधी करा, नंतर बदललं तर आधी पाठवलेल्या लिंक तुटू शकतात.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे व्हॉट्सअॅपवर मराठी लिहितो तसा, टाइप केलेला हवा. प्रेसवाल्याकडून जुन्या फाँटमधला मजकूर आणून चिकटवला तर साइटवर अगम्य चिन्हं दिसतात, आणि त्याचा फोटो करून टाकला तर गूगलला तो मजकूर म्हणून नीट मिळत नाही. फाँट मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट, दोन्हीत जोडाक्षरं नीट बसतात.

फोटोंचं तर विचारूच नका, मोबाइलचा एक फोटो चार-पाच एमबीचा, असे बारा टाकले की पान ५० एमबीच्या आसपास, मग लोक म्हणतात होस्टिंग स्लो आहे. स्क्वूश म्हणून गूगलचं टूल आहे, ब्राउझरमध्येच चालतं, त्यात फोटो टाका, रुंदी १६०० पिक्सेल करा, वेबपी हा फोटोचा प्रकार निवडा, बहुतेक फोटो दोन-तीनशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही.

प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचे जास्तीचे तुकडे, कमीत कमी. प्रत्येक प्लगिन म्हणजे घराला आणखी एक दरवाजा, तो वेळेवर बंद करणारं कोणीतरी हवं. आणि विकतची थीम फुकट देतो असं कोणी म्हटलं, नल्ड म्हणतात तिला, तर हात लावू नका, अगदी मनापासून सांगतोय. एका ओळखीच्यांच्या साइटवर अशी थीम होती, दोन महिन्यांनी गूगलवर त्यांचं नाव शोधलं की जपानी अक्षरातली शेकडो पानं दिसायला लागली, साफ करायला आठवडा गेला.

बॅकअप होस्टिंग कंपनीकडे असतोच, तरी स्वतःचा वेगळा ठेवा. अपड्राफ्टप्लस हे प्लगिन लावून गूगल ड्राइव्हवर आठवड्याला एक पाठवायला सांगा. आणि तो एकदा तरी उघडून बघा, लोकल नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका, त्यात नवीन वर्डप्रेस बनवा आणि बॅकअप तिथे रिस्टोअर करा. उभी राहिली साइट तर तुम्हाला रात्री झोप लागेल.

होस्टिंग बदलायची वेळ आलीच तर घाई करू नका. आत्याची साइट आम्ही जुलैमध्ये हलवली, पावसात गेस्ट जवळपास नसतात तेव्हा. आधी डीएनएसमधला (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं त्याच्या नोंदी) टीटीएल, म्हणजे ती नोंद लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणला आणि एक दिवस थांबलो, म्हणजे जुना पत्ता लोकांच्या फोनमध्ये फार वेळ अडकून राहू नये. नव्या होस्टिंगवर साइट पूर्ण उभी केली, प्रत्येक पान मोबाइलवर उघडून बघितलं, मग रात्री ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेनला सर्व्हर दाखवणारी नोंद, बदलला. ईमेलचे रेकॉर्ड आधी लिहून ठेवले होते, ते नव्या ठिकाणी तसेच हवेत, नाहीतर साइट येते आणि मेल बंद पडतात. चौकशीचा फॉर्म भरून मेल खरंच येतोय का बघितलं, आला नाही, स्पॅममध्ये सापडला, मग मेल नीट पाठवणारं एसएमटीपी प्लगिन लावून एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच आपलाच आहे हे सांगणाऱ्या नोंदी, नीट केल्यावर इनबॉक्समध्ये आला. जुनं होस्टिंग पंधरा दिवस तसंच चालू ठेवलं आणि मगच बंद केलं.