हातात कला आहे, पण कागद नाही? आधी हे करा

भोसरी-चाकणला वर्षानुवर्षं वेल्डिंग, फिटिंग करणारे कितीतरी कारागीर फक्त प्रमाणपत्र नाही म्हणून मागे पडतात. त्यांच्यासाठी आरपीएल, म्हणजे आधीच्या शिक्षणाला आणि अनुभवाला मान्यता देणारी सोय आहे. पूर्ण कोर्स करावा लागत नाही. थोडी पूर्वतयारी करून घेतात आणि मग परीक्षा होते.

१. नाव नोंदवण्याआधी नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टर या सरकारी नोंदवहीच्या साइटवर आपल्या कामाचा जॉब रोल, म्हणजे कामाचा नेमका प्रकार शोधा. त्यात काय काय यायला हवं याची यादी असते. ती छापून घ्या आणि आपल्याला जमणाऱ्या कामांपुढे खूण करा. खरा फायदा इथेच आहे, कारण परीक्षक त्याच यादीवरून विचारतो. ‘वेल्डर’ म्हणून एकच रोल नसतो, तेव्हा रोज जे करता तोच निवडा.

२. खूण न झालेल्या ओळींचा सराव करा. बहुतेकदा त्या सुरक्षिततेच्या असतात: गॉगल, हातमोजे, अर्थिंग, आग विझवणं. हात सफाईदार असलेली माणसंही तोंडी प्रश्नांत इथेच अडतात.

३. कामाचे फोटो, पगाराच्या स्लिपा, मालकाचं अनुभवपत्र एका फाइलीत ठेवा. पत्र लेटरहेडवर, तारखांसह घ्या. बरेचदा मागायलाच आपण संकोचतो.

४. स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर आधारने नोंदणी करा आणि जवळचं आरपीएलचं केंद्र बघा.

जपायचं एवढंच: आधार आणि बँक पासबुकावरचं नाव अक्षरशः सारखं आहे ना, ते नोंदणीआधीच तपासा.