डोळ्यांत स्टिरॉइडचे थेंब टाकताना या चुका टाळा

सोयाबीनच्या मळणीपासून तुरीच्या हंगामापर्यंत विदर्भातल्या शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या डोळ्यांत थ्रेशरमधून उडालेले कुटार, धसकट किंवा पऱ्हाटीची काडी जाणे ही नित्याची बाब आहे. डोळा लाल होतो, पाणी गळते, आणि तालुक्याला जाण्यात एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून गावातल्या मेडिकलमधून लालीचे ड्रॉप मागवले जातात. त्या बाटलीत पुष्कळदा अँटिबायोटिकच्या जोडीला स्टिरॉइड असते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, अशी सूचना लेबलवर छापलेली असूनही सहज मिळते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादे नाव बाटलीवर दिसले, तर ते स्टिरॉइड समजावे. अक्षरे बारीक असल्यास घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावे.

जिममध्ये शरीर कमावण्यासाठी काही जण घेतात ती स्टिरॉइडे वेगळी. येथे विषय आहे तो कॉर्टिसॉलच्या कुळातील औषधांचा. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी हे संप्रेरक रोज तयार करतात, आणि त्याचीच कृत्रिम रूपे औषध म्हणून वापरली जातात. हे रेणू पेशीत शिरून तेथील विशिष्ट प्रथिनाला जोडले जातात, मग पेशीच्या केंद्रकात जाऊन दाह पेटवणारे पदार्थ बनवणाऱ्या जनुकांचे काम मंदावतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांतील पाझर कमी होतो, पांढऱ्या पेशींची गर्दी ओसरते, लाली उतरते आणि ठणका थांबतो. मात्र जंतू मरत नाही. उलट, त्याच्याशी लढणारी शरीराची फौज तेवढी मागे हटते.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. काडीने किंवा पानाने बुबुळाला ओरखडा पडला की त्यातून फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी आत शिरू शकते. अशा डोळ्यात स्टिरॉइड पडले, तर सुरुवातीला बरे वाटते आणि त्याच अवधीत बुरशी खोलवर पसरते. बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो आणि जखम भरली तरी मागे फूल, म्हणजे पांढरा डाग, राहते. हर्पिसच्या विषाणूने झालेल्या जखमेचेही असेच होते. म्हणून डोळ्यात काही गेल्यास तो चोळू नये, पदराच्या टोकाने कोरू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा आणि टोचणे किंवा अंधुक दिसणे कायम राहिल्यास तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना दाखवावा. जखमेचा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर बुरशी आढळली, तर नॅटामायसिनचे थेंब दिले जातात. तो उपचार कित्येक आठवडे चिकाटीने करावा लागतो.

दुसरी चूक लहान मुलांच्या बाबतीत होते, आणि ती आईवडिलांच्या मायेपोटी होते म्हणून अधिक खटकते. उन्हाळा लागला की काही मुलांचे डोळे ॲलर्जीने खाजतात, चिकट धाग्यासारखा स्राव येतो. डॉक्टरांनी एका वर्षी काही दिवसांसाठी लिहिलेले स्टिरॉइड पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात जुनी चिठ्ठी दाखवून आणले जाते आणि महिनोन्‌महिने टाकले जाते. डोळ्यातील द्रव बाहेर वाहून नेणारी जाळी या औषधाने तुंबते आणि दाब वाढतो. तो साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा असावा. काही आठवडे थेंब टाकल्यावर सुमारे एक तृतीयांश लोकांत तो कमीअधिक वाढतो. दुखत काहीच नाही, त्यामुळे काचबिंदूने नजरेच्या कडा खाल्ल्या तरी कळत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. दीर्घ वापराने मोतीबिंदूही लवकर होतो, पण तो निदान शस्त्रक्रियेने काढता येतो. स्टिरॉइड लांबणार असेल, तर दाबाची तपासणी कधी करायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

हे सारे वाचून स्टिरॉइडच नको असे ठरवणे ही तितकीच मोठी चूक ठरेल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची सूज, डोळ्याच्या आतील दाह, प्रत्यारोपित बुबुळ शरीराने नाकारणे, यांत हेच औषध नजर वाचवते. ते दिवसातून सहा वेळा, मग चार, मग दोन असे उतरत्या क्रमाने बंद करायचे असते. लाली जाऊन डोळा पांढरा दिसू लागला म्हणून मध्येच थांबवल्यास दाह उसळून येतो. स्टिरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेतल्या असतील, तर त्या अचानक सोडणे जिवावर बेतू शकते, कारण अधिवृक्क ग्रंथींचे काम तोवर मंदावलेले असते. शुगरच्या रुग्णाने गोळ्या सुरू होण्याआधीच आपला आजार सांगावा.

टाकण्याच्या पद्धतीतही बरेच औषध वाया जाते. प्रेडनिसोलोन ॲसिटेट तळाशी बसते, म्हणून बाटली नीट हलवावी. खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटे हलका दाबावा आणि दुसऱ्या औषधाआधी पाच मिनिटे थांबावे. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहावी व महिन्याभरानंतर उरलेले औषध टाकून द्यावे. शेजाऱ्याच्या लाल डोळ्यासाठी ते जपून ठेवू नये. तपासणीला जाताना आधी वापरलेली बाटली, रिकामी असली तरी, सोबत न्यावी, कारण डोळ्यात स्टिरॉइड गेले आहे की नाही यावर पुढचा उपचार ठरतो.