शेगडी, दोन कुत्री आणि चाकांवरचं घर: या चुका आम्ही केल्या, तुम्ही टाळा

पहिल्या सहलीत पुरीने माजिवड्याच्या पुलाखालीच ओकून ठेवलं. ठाण्यातल्या कोलशेतहून निघून पाऊण तास झाला होता, त्यातला अर्धा तास गाडी जागेवरच. निघताना नवरा म्हणाला होता, "पोटभर खाऊन घेऊ देत, रस्त्यात कटकट नको." कटकट काही टळली नाही, वाटीतून सतरंजीवर आली एवढंच.

पुरी ही आमची लॅब्रडॉर, नावासारखीच टम्म. बंड्या हा वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपबाहेर सापडलेला गावठी, अंगाने सडपातळ आणि डोक्याने वकील. या दोघांना घेऊन आम्ही भाड्याच्या कॅम्परव्हॅनमधून चारदा बाहेर पडलो. एकदा माळशेज, एकदा भंडारदरा, दोनदा कोकण. बऱ्याच हॉटेलांत कुत्री चालत नाहीत म्हणून व्हॅन, आणि व्हॅनमध्ये ओटा आहे म्हणून स्वयंपाक.

झालेल्या चुका मोजायला बसलो तर बहुतेकींचं मूळ एकच निघालं. आपण गाडी आपल्या उंचीवरून बघतो. ओटा, खिडकी, पंखा, सगळं छातीच्या वर. कुत्री राहतात फरशीवर, आणि गाडीतलं जे जे सांडतं, गळतं, ते शेवटी फरशीवरच येतं. आता गाडी ताब्यात घेताना मी आधी पाच मिनिटं खाली मांडी घालून बसते. गाडीवाल्याला वाटतं, बाईंना चक्कर आली.

पोटभर खाऊ घालून निघणं

निघायच्या तीन-चार तास आधी कुत्र्याचं जेवण आटपलेलं हवं. पहाटे पाचला निघणार असाल तर रात्रीचं जेवण शेवटचं, सकाळी फक्त पाणी. नेहमी ओकणाऱ्या कुत्र्यासाठी त्याच्या डॉक्टरकडून आधीच गोळी लिहून घ्या. आपल्या डब्यातली माणसांची गोळी अर्धी मोडून देऊ नका. हेच दुखण्या-तापाच्या गोळ्यांचं. आयबुप्रोफेन तर कुत्र्यांना सरळ विषारी आहे, आणि पॅरासिटामॉलचा अंदाजपंचे डोसही महागात पडतो.

दर दोन तासांनी उतरवायचं. बंड्याला काँक्रीटवर होत नाही, त्याला गवतच लागतं. त्यामुळे नाशिकच्या बाजूला जाताना आम्ही कसारा घाट चढायच्या आधी, शहापूरच्या पुढे थांबतो. पुण्याच्या द्रुतगती मार्गावर कडेला गाडी लावून कुत्रं फिरवायचं धाडस करू नका. तिथे कडेला थांबायला बंदी आहे आणि ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. थांबायचं ते फूड मॉललाच.

गॅसचा वास आपल्याला शेवटी येतो

दुसऱ्या सहलीतली गोष्ट. संध्याकाळी चहा झाला, भांडी विसळली, आणि बंड्या आत यायलाच तयार होईना. पायरीपर्यंत यायचा, नाक फेंदारायचा, मागे सरायचा. आम्हाला वाटलं नखरे, नवी गाडी आहे. मी त्याला उचलायला खाली वाकले आणि गुडघ्याच्या उंचीवर वास आला. उभं राहिल्यावर काहीच नव्हतं.

एलपीजी हवेपेक्षा साधारण दीड ते दोन पट जड असतो. गळला की वर जात नाही, पाण्यासारखा खाली साठतो. घरात दाराच्या फटीतून थोडा तरी निघून जातो. व्हॅनची फरशी म्हणजे काठ असलेलं ताट. माणूस उभा असतो तोवर नाकाला कळत नाही आणि कुत्रं त्याच थरात झोपलेलं असतं. आमच्या बाबतीत शेगडीची नळी बर्नरच्या मागे घासून तडकली होती. गाडीवाल्याने ती कधी बदलली होती, त्यालाच आठवत नव्हतं.

म्हणून आता निघण्याआधी हे बघते. नळी नारिंगी सुरक्षा पाइपच हवी, तिच्यावर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षं उलटली असतील तर बदलून मागायची. जोडांवर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे फुगले की गळती. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. सिलिंडर पाच किलोचा असला तरी उभाच आणि पट्ट्याने बांधलेला. गाडीला खाली, फरशीच्या पातळीवर, हवा जायची जाळी आहे ना, आणि ती कुणी पुठ्ठा लावून बंद केलेली नाही ना, हे वाकून पाहायचं. स्वयंपाक झाला की शेगडीचं बटण बंद करून थांबायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा. चालत्या गाडीत गॅस पेटवायचा नाही, चहासाठीसुद्धा.

वास आलाच तर? रेग्युलेटर बंद, कुत्री बाहेर, दारं उघडी, आणि कुठल्याही बटणाला हात नाही. दिवा लावू नका, पंखाही नको. व्हॅनमधला फ्रिज आणि पाण्याचा पंप आपोआप चालू-बंद होतात, तिथेही ठिणगी पडू शकते, म्हणून सामान आवरत बसू नका, आधी बाहेर पडा.

दुसरा धोका याच्या उलट्या स्वभावाचा. माळशेजला डिसेंबरात रात्री गारठा पडतो, आणि कुणाला तरी कल्पना सुचते की शेगडी मंद ठेवून दार लावून झोपू, किंवा बार्बेक्यूचे निखारे आत घेऊ. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो. ऊब हवी तर गोधडी घ्या, नाहीतर पुरीला पायाशी घ्या.

इंडक्शनच्या भरवशावर राहणं

गॅसची धास्ती बसल्यावर भंडारदऱ्याला आम्ही शहाणपणा करून इंडक्शन नेलं. गाडीत बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी. ऐकायला भरपूर वाटते. हिशेब केला तर बाराशे वॉट-तास, आणि साधी लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये म्हणतात, म्हणजे हातात सहाशे. दीड हजार वॉटचं इंडक्शन तेवढ्यावर जेमतेम वीस मिनिटं चालतं. आम्ही त्यावर भात लावला, मग पिठलं, मग हौसेने कॉफी.

रात्री कधीतरी फ्रिज गपचूप बंद पडला. त्यात कुत्र्यांसाठी दोन दिवसांचं उकडलेलं चिकन होतं. सकाळी वास बरा वाटला, दिलं. पुढची रात्र मी विल्सन धरणाच्या बाजूच्या अंधारात, हातात टॉर्च आणि टिश्यूचं बंडल घेऊन, दर अर्ध्या तासाला पुरीच्या मागे पळत काढली. धरणाचं चांदण्यातलं पाणी फार सुंदर दिसतं म्हणतात.

बॅटरी फ्रिज आणि दिव्यांसाठी ठेवा. इंडक्शन फक्त जिथे बाहेरून वीज जोडता येते तिथे. आणि कुत्र्यांचं चिकन गोठवून न्या, एका वेळेपुरत्या पिशव्या करून. फ्रिज बंद पडला तर गोठलेल्या पिशव्या मऊ झालेल्या हाताला कळतात, मग ते चिकन टाकून द्यायचं, जीव कितीही तुटला तरी. पोट बिघडलंच तर धडधाकट मोठ्या कुत्र्याला एक वेळ उपास, थोडं थोडं पाणी, मग मऊ भात. रक्त दिसलं, उलट्या थांबेनात, किंवा कुत्रं मलूल झालं तर उपास-बिपास विसरा आणि तालुक्याचं गाव गाठा. तिथे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. लहान पिल्लाच्या बाबतीत तर वाटच बघू नका.

शेवटचा घास कुत्र्याला

आपल्याकडे ताटातली उरलेली पोळी कुत्र्याला द्यायची रीत आहे. घरी ते चालून जातं, कारण कोरडी पोळी असते. गाडीत भांडी कमी, पाणी कमी, त्यामुळे रश्शाची कढई कुत्र्याला चाटायला दिली की घासायचं काम हलकं होतं. मी हे केलंय, म्हणून सांगते: करू नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. शिजवून, तळून, वाटून, कसाही दिला तरी. परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या आणि लघवी गडद दिसायला लागते, तोवर आपण सहल विसरलेले असतो. प्रवासासाठी नेलेल्या सुकामेव्यातले बेदाणे मूत्रपिंडाला घातक, चॉकलेटचं तर सगळ्यांना माहीतच आहे. शिजवलेली हाडंही नकोत, ती टोकदार चिरफळतात.

आमच्या गाडीत आता एकच नियम आहे, आधी त्यांचं, मग फोडणी. पातेल्यात तांदूळ, चिकन, दुधी किंवा लाल भोपळा, मीठसुद्धा नाही. ते उतरवून वेगळं ठेवायचं आणि त्यानंतरच कढई चढवायची. आणि फोडणी देताना कुत्री बाहेर, कुणाच्या तरी हातात पट्टा देऊन. सहा बाय आठच्या डब्यात लाल मिरची तडतडली की माणूसही खोकत बाहेर येतो, मग त्यांच्या नाकाचं काय होत असेल! शिवाय गरम तेलाच्या कढईखाली शेपटी हलवणारी लॅब्रडॉर हा प्रसंग मी एकदा पाहिलाय. तेल ओट्यावर सांडलं, तिच्यावर नाही, हे नशीब.

कुकरच्या शिट्टीला बंड्या अजूनही घाबरतो. त्याला आम्ही उपाय शोधलेला नाही. डाळ घरून शिजवून नेतो.

"पाच मिनिटांत येतो"

सगळ्यात जीवघेणी चूक हीच, आणि करणारे सगळे प्रेमळ असतात. वडापाव घ्यायला उतरतात, काचा बंद, "एसी चालू होता ना आत्तापर्यंत". इंजिन बंद झालं की बहुतेक गाड्यांचा एसीही गेला. बाहेर तीस अंश असताना बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढतं, काच दोन बोटं उघडी ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. माणसाला घाम येतो, कुत्र्याला मुख्यतः धापा टाकूनच अंग गार करावं लागतं. त्याचं नेहमीचं तापमान साडेअडतीसच्या आसपास, एकेचाळीसच्या पुढे गेलं की अवयव निकामी व्हायला लागतात.

खूप धापा, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या. अशी लक्षणं दिसली की आधी सावली, मग अंगभर साधं गार पाणी आणि वारा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, आतली उष्णता अडकते. थोडं गार झालं की डॉक्टरकडे, वाटेतही पाणी मारत. आम्ही आता पाळी लावतो, एक जण खाली, एक जण गाडीत. वडापाव गार होतो. होऊ दे.

पाणी टाकीतलं नको, घरून कॅन भरून न्या. पुरीसारख्या तीस किलोच्या कुत्रीला साध्या दिवशी दीड-दोन लिटर लागतं, उन्हात आणखी.

रात्री कुत्रं बाहेर बांधणं

माळशेज चढून जुन्नरच्या बाजूला आम्ही एका शेताच्या कडेला मुक्काम टाकला होता, मालकाला विचारून. बंड्याला गाडीच्या चाकाला बांधलं, तो राखण करील असं म्हणत. नऊच्या सुमाराला मालक बॅटरी घेऊन आले.

"ताई, ते कुत्रं आत घ्या."

"भुंकतोय का दादा? त्रास होतोय?"

"भुंकू दे की. भुंकायचं थांबलं म्हणजे काय करशीला? ऊस लागलाय समदा. मागल्या आठवड्यात वस्तीवरचं एक नेलं."

जुन्नर तालुक्यात उसात बिबटे राहतात, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. आणि बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपी शिकार. दोरीने बांधलेलं तर वाढून ठेवलेलं ताट. ठाण्याच्या माणसाला हे नवं वाटायचं कारण नाही, येऊरला बिबटे आपल्या दाराशीच आहेत. अंधार पडल्यावर कुत्री आत, लघवीला नेताना पट्टा आखूड आणि टॉर्च चालू. उरलेलं चिकन आणि हाडं गाडीबाहेर टाकायची नाहीत, वासावर आधी गावातली कुत्री येतात आणि त्यांच्यामागे बाकीचे.

येऊर आणि कर्नाळा तर कुत्र्यांसाठी विसराच. येऊरचं रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. भंडारदऱ्याला रतनवाडीकडचा भागही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. कोकणात वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून कासवं अंडी घालतात, आणि वाळू उकरणं हा बंड्याचा आवडता धंदा. तिथे पट्टा सोडला की झालं.

उरलेलं थोडक्यात

चालत्या गाडीत कुत्रं मोकळं नको. गळपट्ट्याला नाही, छातीच्या हार्नेसला दोरी अडकवा. दार उघडायच्या आधी पट्टा हातात, मग दार. बंड्या एकदा कसाऱ्यात उडी मारून ट्रकांच्या रांगेत गेला होता, त्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा, आणि रेबीजच्या लसीची नोंद असलेलं पुस्तक गाडीच्या कागदांसोबत. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, त्याची लस घेतलेली असावी.

घरी आल्यावर गाडी परत करायच्या आधी, सोसायटीच्या पार्किंगमध्येच, गोचिड्या बघा. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली, गळपट्ट्याच्या खाली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिरगळायची नाही, रॉकेल-बिकेल लावायचं नाही. पुढचे दोन-तीन आठवडे ताप किंवा जेवण सोडणं दिसलं तर डॉक्टरांना "आम्ही कोकणात जाऊन आलो" हे आधी सांगा, नुसतं "खात नाही" म्हणू नका. पुरीच्या उजव्या कानात मागच्या वेळी अकरा निघाल्या होत्या. वॉचमनकाका शेजारी उभे राहून मोजत होते.